नाव ठेवण्याचा अधिकार

आपल्याकडे मूल जन्माला येते ते निनावीच. बाराव्या दिवशी बायका पाळण्याभोवती जमतात, पाळण्याच्या खालून-वरून बाळाची देवघेव होते, आणि मग आत्या पुढे होऊन त्याच्या कानाशी ‘कुर्र’ करून त्याचे नाव सांगते. त्या नावाविषयी खुद्द बाळाचे मत काय आहे, हे विचारण्याची प्रथा कोठेही नाही. जावाच्या सर्व्हरवर नांदावयास आलेल्या वेब ॲप्लिकेशनची स्थिती याहून फारशी निराळी नसते. ते ज्या पत्त्यावर लोकांस भेटणार, तो पत्ता त्याने ठरवावयाचा नसून सर्व्हरने ठरवावयाचा असतो. आणि ॲप्लिकेशनला स्वतःचे नाव हवेच असेल, तर त्याने ते सर्व्हरला विचारून घ्यावे, अशी ही व्यवस्था आहे. या नावाला त्या शास्त्रात ‘कॉन्टेक्स्ट पाथ’ म्हणतात. मराठीत ‘नाव ठेवणे’ या एकाच प्रयोगाचे दोन अर्थ होतात, आणि या विषयात पंचवीसेक वर्षे काढल्यावर माझे असे मत झाले आहे की, पहिला अर्थ चुकीच्या माणसाने अमलात आणला की दुसऱ्याचा अंमल आपोआप सुरू होतो.

प्रस्तुत प्रकरणात आपण टॉमकॅट या सर्व्हरचे उदाहरण घेऊ, कारण जावाच्या जगात तो सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि त्याच्या स्वतःच्या नामकरणाची कथाही ऐकण्याजोगी आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स डंकन डेव्हिडसन नावाच्या गृहस्थांनी विनंत्यांना उत्तर देणाऱ्या जावा-प्रोग्रामांच्या, म्हणजे सर्व्हलेटच्या, नियमावलीचा एक नमुना-सर्व्हर लिहिला आणि १९९९ साली कंपनीने तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या स्वाधीन केला. मुक्त स्रोताच्या सॉफ्टवेअरवर ओरायली ही प्रकाशनसंस्था पुस्तके काढी आणि त्यांच्या मुखपृष्ठावर एखाद्या प्राण्याचे चित्र असे. तेव्हा आपल्याही कृतीवर पुढेमागे पुस्तक निघेल या आशेने डेव्हिडसन यांनी प्राण्याचेच नाव शोधले, आणि जो स्वतःचा निर्वाह स्वतः करू शकतो असा प्राणी म्हणून त्यांनी बोका निवडला. पुस्तक २००३ साली निघाले. पण बोक्याचे चित्र त्याआधीच दुसऱ्या एका पुस्तकाने पटकावलेले असल्यामुळे मुखपृष्ठावर हिमबिबट्या आला. ठेवलेले नाव आणि लाभलेले चित्र यांचा मेळ न बसण्याची ही परंपरा, असे म्हणावयास हरकत नाही, मुळापासूनचीच आहे.

त्याच १९९९ साली सर्व्हलेटच्या २.२ या नियमावलीने ‘वेब ॲप्लिकेशन’ ही संज्ञा विधिपूर्वक प्रस्थापित केली. तोवर सर्व्हलेट हे सुटे सुटे कारागीर होते. आता पाने, चित्रे, वर्ग आणि त्यांची वेब.एक्सएमएल नावाची सनद अशी सारी चीजवस्तू एका गाठोड्यात बांधता येऊ लागली, आणि त्या गाठोड्यास वॉर फाइल असे नाव मिळाले. एकाच सर्व्हरवर अशी अनेक गाठोडी सुखाने नांदावीत, कोणी कोणाच्या हद्दीत पाय ठेवू नये, हा या रचनेचा हेतू. आणि हद्द आखावयाची तर प्रत्येकास वेगळा पत्ता देणे क्रमप्राप्तच होते.

टॉमकॅटच्या दप्तरात ही हद्द कशी नोंदली जाते, ते आता पाहू. सर्वांत बाहेर सर्व्हर, त्यात सर्व्हिस, तीत विनंत्या स्वीकारणारे कनेक्टर (८०८० या पोर्टावर बसणारा कनेक्टर हा त्यांतला सर्वपरिचित) आणि त्या विनंत्यांचा निवाडा करणारे एंजिन; एंजिनाच्या पोटात होस्ट, आणि होस्टच्या पोटात कॉन्टेक्स्ट. जमिनीच्या कागदावर जसे जिल्हा, तालुका, मौजे आणि गट क्रमांक एकापोटी एक येतात, तशीच ही उतरंड आहे, आणि एकेक कॉन्टेक्स्ट म्हणजे त्यातला एकेक गट. टॉमकॅट नव्याने बसविला की ‘वेबॲप्स’ नावाच्या फोल्डरात पाच बिऱ्हाडे आधीच राहावयास आलेली दिसतात: रूट, डॉक्स, एक्झाम्पल्स, मॅनेजर आणि होस्ट-मॅनेजर. यांपैकी एक्झाम्पल्स हे बिऱ्हाड, सर्व्हर लोकांसाठी उघडण्यापूर्वी हलवावे, हे बरे. पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेली ती नमुन्याची भांडी आहेत, त्यांत स्वयंपाक करावयाचा नसतो.

आता एक ॲप्लिकेशन कल्पू. एका ग्रंथालयाचे सूचिपत्र आणि देवघेव सांभाळणारे हे ॲप्लिकेशन ‘ग्रंथालय.वॉर’ या फाइलीत बांधलेले आहे. (प्रत्यक्षात ही नावे रोमन लिपीत लिहितात, वाचकाच्या सोयीसाठी मी ती येथे देवनागरीत देत आहे.) ही फाइल वेबॲप्स फोल्डरात टाकली की, काही क्षणांत टॉमकॅट ती पाहतो, उलगडतो, आणि ‘/ग्रंथालय’ हा पत्ता तिला बहाल करतो. त्याचा पार्श्वभूमीवर फिरणारा पहारेकरी साधारणपणे दर दहा सेकंदांनी फेरी मारतो, म्हणून आपल्याला तेवढी वाट पाहावी लागते. फाइलीचे नाव तोच पत्ता, हा मूळ नियम. आणि नवशिक्याला जे कळावयास फार वेळ लागतो ते हे की, बहुतेक प्रसंगी हाच एकमेव नियम असतो.

वाचक आपल्या ब्राउझरात ‘/ग्रंथालय/शोध/लेखक’ असा पत्ता लिहितो, तेव्हा टॉमकॅट त्याचे तीन तुकडे पाडतो. ‘/ग्रंथालय’ हा कॉन्टेक्स्ट पाथ, ‘/शोध’ हा सर्व्हलेटचा पत्ता, आणि उरलेला ‘/लेखक’ हा त्या सर्व्हलेटने स्वतः अर्थ लावावयाचा शेष भाग. एकाहून अधिक कॉन्टेक्स्ट जुळत असतील तर ज्याचे नाव सर्वांत लांब जुळते त्याच्याकडे विनंती जाते. समजा, ‘/ग्रंथालय/प्रशासन’ या पत्त्यावर वेगळेच ॲप्लिकेशन बसविले, तर ‘/ग्रंथालय/प्रशासन/सूची’ ही विनंती त्या नव्या बिऱ्हाडाकडे जाईल. आणि मूळ ॲप्लिकेशनात ‘प्रशासन’ नावाचे स्वतःचे एखादे पान असले, तर त्या पानापर्यंत त्या दिवसापासून कोणी पोचणार नाही, आणि कोणी तक्रारही नोंदविणार नाही, कारण लॉगमध्ये चूक म्हणून काहीच उमटत नाही. जुळणी मात्र अक्षरांची नसून स्लॅशने तोडलेल्या पायऱ्यांची असते. ‘/ग्रंथालयीन’ अशी विनंती आली तर ‘/ग्रंथालय’ तिला ओळख दाखवीत नाही. एकही नाव जुळले नाही तर विनंती रूट नावाच्या बिऱ्हाडाकडे जाते. तेही नसेल तर ४०४.

या रूटची गोष्ट थोडी निराळी आहे. ज्याचा कॉन्टेक्स्ट पाथ रिकामा, म्हणजे ज्याला सर्व्हरच्या नुसत्या नावाने हाक मारली की जे ओ देते, ते हे बिऱ्हाड. आणि त्याची फाइल ‘रूट.वॉर’ अशी, रोमन लिपीतील सर्व मोठी अक्षरे वापरून, लिहावी लागते. पत्ता रिकामा, त्यात एक स्लॅशही नाही, ही सूक्ष्मता पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बाकीचे सारे पत्ते स्लॅशने सुरू व्हावे लागतात आणि स्लॅशने संपू नयेत, असा दंडक आहे, आणि रिकामे नाव हा त्याला एकच अपवाद. लिनक्सच्या यंत्रावर एकाने लहान अक्षरांत ‘रूट’ लिहिले, आणि पत्ता ‘/रूट’ असा झाला. आपले ॲप्लिकेशन सर्व्हरच्या दाराशीच का दिसत नाही, म्हणून तो बिचारा दोन दिवस नेटवर्कच्या खात्याशी भांडत होता. जेटी या दुसऱ्या सर्व्हरवर लहान-मोठ्या अक्षरांचा हा भेद पाहिला जात नाही, त्यामुळे एका घरची सवय दुसऱ्या घरी नडते.

पत्त्यात दोन पायऱ्या हव्या असतील तर काय करावे? फाइलीच्या नावात स्लॅश लिहिता येत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने ती फोल्डराची खूण ठरते. टॉमकॅटने यावर काढलेला तोडगा मला नेहमीच कौतुकास्पद वाटत आला आहे: स्लॅशच्या जागी # हे चिन्ह लिहावे. ‘ग्रंथालय#प्रशासन.वॉर’ अशी फाइल ठेवली की पत्ता ‘/ग्रंथालय/प्रशासन’ होतो. चिन्ह निवडताना दाखविलेली दूरदृष्टी अशी की, पत्त्यात # आला तर त्याच्यापुढचा भाग ब्राउझर स्वतःपाशीच ठेवतो, सर्व्हरकडे धाडीतच नाही. म्हणून हे चिन्ह सर्व्हरच्या पत्त्यांत स्वतःहून कधी यावयाचे नाही आणि गोंधळाला जागा उरत नाही. हेच चिन्ह दोनदा लिहिले तर त्याचा अर्थ पालटतो. ‘ग्रंथालय##०१०.वॉर’ म्हणजे त्याच पत्त्यावरची दहावी आवृत्ती. सातव्या टॉमकॅटपासून जुनी आणि नवी आवृत्ती एकाच पत्त्यावर शेजारी शेजारी चालविता येतात. जे वाचक आधीच आत आहेत ते जुनीतच राहतात, नवे येणारे नवीकडे जातात. आवृत्तींची तुलना मात्र अंकांप्रमाणे न होता अक्षरांप्रमाणे होते, त्यामुळे नुसते ९ हे नुसत्या १० पेक्षा मोठे ठरते. आरंभी शून्ये लिहिण्याचे कारण हे.

इथवर नाव फाइलीच्या नावातून येत होते. पण कित्येकदा फाइल एका ठिकाणी ठेवावी आणि तिला दुसऱ्याच नावाने ओळखले जावे, अशी निकड असते. बांधणीचे यंत्र ‘ग्रंथालय-२.४.वॉर’ असे काहीतरी नाव देते, आणि व्यवस्थापक म्हणतात, पत्ता ‘/वाचनालय’ हवा. अशा वेळी टॉमकॅटच्या ‘कॉन्फ’ फोल्डरात, कॅटालिना आणि त्याच्या आत लोकलहोस्ट, अशा जागी ‘वाचनालय.एक्सएमएल’ नावाची एक छोटी फाइल ठेवावी आणि तीत ‘डॉकबेस’ या मथळ्याखाली मूळ वॉर फाइल कोठे आहे तेवढे सांगावे. ती वॉर फाइल वेबॲप्सच्या बाहेर असावी, ही अट. येथेही नाव ठरते ते त्या छोट्या फाइलीच्या नावावरूनच. कोणी फार हुशारीने तिच्या आत ‘पाथ’ असा शब्द लिहून पत्ता दिला, तर टॉमकॅट त्याकडे सरळ दुर्लक्ष करतो. वॉर फाइलीच्या पोटात, मेटा-इन्फ या फोल्डरातील कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये, तो लिहिला तरी तीच गत. या दुर्लक्षाविषयी टॉमकॅटला मी नेहमी नावे ठेवीत आलो आहे: चुकीचा अर्ज फेटाळावा, पण निदान ‘फेटाळला’ असा शेरा तरी मारावा, अर्ज मुकाट्याने टोपलीत टाकण्याची त्याच्या जुन्या आवृत्त्यांची वहिवाट कोणत्याही कचेरीस शोभणारी नव्हती.

‘पाथ’ या शब्दाला मान आहे तो एकाच दप्तरात, मुख्य सर्व्हर.एक्सएमएलमध्ये. पण तेथे कॉन्टेक्स्ट लिहू नये असा सल्ला टॉमकॅटचे कर्ते स्वतःच देतात, कारण ही फाइल एकदा आरंभी वाचली जाते, आणि तीत अक्षर बदलले तर सबंध सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. एका बिऱ्हाडाच्या दारावरची पाटी रंगविण्यासाठी साऱ्या वाड्याला बाहेर काढावयाचे, असा तो प्रकार. शिवाय तेथे लिहावयाचेच झाले तर डॉकबेस वेबॲप्सच्या बाहेर हवा, अथवा आपोआप बिऱ्हाडे बसविण्याच्या सर्व सोयी बंद हव्यात. हा नियम मी वाचला होता. तरी तो मोडला, आणि त्याचे फळ मला मिळाले.

एका संस्थेच्या ग्रंथालयाचे काम त्या वेळी मजकडे होते. पत्ता बदलावयाचा होता. ‘/ग्रंथालय’ ऐवजी ‘/वाचनालय’. संध्याकाळची वेळ, घरी जाण्याची घाई. मी सर्व्हर.एक्सएमएल उघडली, होस्टच्या पोटात एक ओळ लिहिली: पाथ ‘/वाचनालय’, डॉकबेस ‘ग्रंथालय’. सर्व्हर पुन्हा चालू केला. नवा पत्ता उघडला. जुना उघडून पाहिला, तर तोही चालत होता. वाचकांची गैरसोय व्हावयाची नाही, असे म्हणून मी उलट समाधान पावलो आणि दिवा मालवून निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन.

“अहो, काल रात्री तुम्ही नक्की काय केलंत? सगळ्या सभासदांना पुस्तक परत करण्याची स्मरणपत्रं दोन दोन गेली आहेत. एक आजोबा तर मोबाइल हातात धरून माझ्यासमोरच बसलेत. म्हणतात, पुस्तक एक नेलं, पत्रं दोन आली, मग दंडही दोन भरायचे का?”

“बाई, त्यांना म्हणावं दंड एकच. मी बघतो.”

“एकच म्हणजे? त्यांचा दंड झालेलाच नाहीये. मुदत उद्याची आहे.”

लॉग उघडला. काल संध्याकाळच्या नोंदीत काही सेकंदांच्या अंतराने दोन ओळी होत्या. एकीत ‘/वाचनालय’ सुरू झाल्याची खबर, दुसरीत ‘/ग्रंथालय’ सुरू झाल्याची. सर्व्हर.एक्सएमएलमधला माझा हुकूम टॉमकॅटने इमानाने बजावला होता, आणि त्यानंतर नेहमीच्या रिवाजाप्रमाणे वेबॲप्सची झडती घेताना त्याला ‘ग्रंथालय’ नावाचे फोल्डर आढळले होते; या नावाचा कॉन्टेक्स्ट नोंदलेला नाही, असे पाहून त्याने तेही बिऱ्हाड बसविले होते. एकाच फोल्डरातून दोन ॲप्लिकेशने चालत होती, दोघांची स्मरणशक्ती वेगळी, दोघांची घड्याळे वेगळी, आणि रात्री अकराला दोघांनीही स्मरणपत्रांचा गठ्ठा उचलला होता. ज्याला मी जुन्या पत्त्याची सोय समजलो, ते दुसरे प्राणवंत भावंड होते. सातबाऱ्यावर एकाच गटाला दोन मालक लागावे आणि दोघांनीही शेत पेरावे, तसे झाले. इलाज दहा मिनिटांचा: सर्व्हर.एक्सएमएलमधली ती ओळ काढली, ॲप्लिकेशनचे फोल्डर वेबॲप्समधून बाहेर हलविले, आणि कॅटालिनाच्या फोल्डरात ‘वाचनालय.एक्सएमएल’ ठेवली. आजोबांचे समाधान करण्यास बाईंना त्याहून अधिक वेळ लागला.

पण नाव बदलून भागले नाही. खरे दुखणे त्याच दुपारी बाहेर आले. पाने उघडत होती, परंतु त्यांवरची चित्रे गायब, आणि ‘शोधा’ हे बटण दाबले की ४०४. ॲप्लिकेशन लिहिणाराने प्रत्येक दुव्यात ‘/ग्रंथालय/…’ असे ठोकून लिहिले होते. या प्रकरणात मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः येथे आहे. बाळाने आपले नाव स्वतःच्या हातावर गोंदवून घेऊन जन्मास यावे, तशी ही चूक आहे. मग आत्याने कानात काहीही सांगितले तरी गोंदण पुसले जात नाही. नियमावलीने सांगितलेला मार्ग असा की, ॲप्लिकेशनने हातातल्या विनंतीला ‘गेट-कॉन्टेक्स्ट-पाथ’ असा प्रश्न करावा आणि मिळेल ते उत्तर दुव्याच्या आरंभी जोडावे. जेएसपीच्या पानांत जेएसटीएल या ग्रंथसंग्रहातील ‘सी-यूआरएल’ ही खूण वापरली तर ती ही जोडणी स्वतःच करते. सर्व्हलेटच्या २.५ या आवृत्तीपूर्वी तर विनंती आल्याखेरीज ॲप्लिकेशनला स्वतःचे नाव विचारण्याची सोयच नव्हती. त्या आवृत्तीपासून ते आरंभीच, कोणी दार ठोठावण्यापूर्वी, विचारता येते.

यात नवशिक्याला खरा चकवा लागतो तो आरंभीच्या एकट्या स्लॅशचा. हा स्लॅश कोणाच्या तोंडचा आहे, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. ब्राउझरच्या तोंडचा ‘/शोध’ म्हणजे सबंध सर्व्हरच्या वेशीपासून मोजलेला शोध. त्याला ‘ग्रंथालय’ आणि ‘वाचनालय’ यांची वार्ताही नसते. ॲप्लिकेशनच्या आतल्या आत एका सर्व्हलेटने दुसऱ्याकडे काम सोपविताना म्हटलेला ‘/शोध’ मात्र त्या ॲप्लिकेशनच्या उंबऱ्यापासून मोजला जातो. घरातल्या घरात ‘माडीवर जा’ म्हटले की ती आपलीच माडी, हे सर्वांस समजते; तेच वाक्य रस्त्यावरच्या पाहुण्याला सांगितले तर तो गावातली कोणती माडी गाठील, याचा नेम नाही. सर्व्हलेटच्या भाषेत या दोन व्यवहारांना ‘फॉरवर्ड’ आणि ‘सेंड-रिडायरेक्ट’ अशी नावे आहेत. पहिल्यात कॉन्टेक्स्ट पाथ जोडावयाचा नाही, दुसऱ्यात विसरावयाचा नाही. एकाच फाइलीत, लागोपाठच्या दोन ओळींत, एकसारखे दिसणारे दोन ‘/शोध’ दोन निरनिराळ्या गावांना जाताना मी पाहिले आहेत, आणि लिहिणारा अननुभवी होता असेही नाही.

शेवटच्या स्लॅशचीही अशीच एक खोच आहे. कोणी ‘/वाचनालय’ एवढेच लिहिले तर टॉमकॅट त्यास लगेच ‘/वाचनालय/’ कडे पाठवितो, आणि पुष्कळांना हा निष्कारण हेलपाटा वाटतो. परंतु ब्राउझर सापेक्ष दुवे सोडविताना पत्त्यातील शेवटच्या स्लॅशपुढचे सारे खोडून त्या जागी नवे नाव लिहितो. स्लॅश नसेल तर ‘वाचनालय’ हेच खोडले जाईल आणि चित्राचा शोध सर्व्हरच्या वेशीवर सुरू होईल. त्या एका टिंबाएवढ्या रेघेने ‘वाचनालय’ हे फाइलीचे नाव नसून घराचे आहे, हे ब्राउझरला कळते.

आता कुकीविषयी थोडे. वाचक आत आला की टॉमकॅट त्याला ‘जे-सेशन-आयडी’ नावाचा बिल्ला देतो, आणि त्या बिल्ल्यावर कॉन्टेक्स्ट पाथ लिहिलेला असतो; म्हणजे ‘/वाचनालय’ चा बिल्ला ब्राउझर फक्त ‘/वाचनालय’ च्या दारात दाखवितो, शेजारच्या बिऱ्हाडात नाही. ही व्यवस्था उत्तम आहे, जोवर मध्ये कोणी दुभाषा बसलेला नाही. मोठ्या संस्थांत मात्र टॉमकॅट स्वतः दर्शनी बसत नाही. पुढे अपाचीचा वेब सर्व्हर किंवा एंजिनएक्स असा द्वारपाल असतो, आणि तो बाहेरचा पत्ता आतल्या पत्त्यात बदलून विनंती पुढे धाडतो. व्यवस्थापकांना वाटते, बाहेर नुसते सर्व्हरचे नाव दिसावे, ‘वाचनालय’ कशाला. द्वारपालाला तसा हुकूम होतो. वाचक नाव आणि परवलीचा शब्द देतो, टॉमकॅट ‘/वाचनालय’ असे लिहिलेला बिल्ला देतो, ब्राउझर पाहतो की आपण तर ‘/’ वर आहोत, आणि बिल्ला खिशातच ठेवतो. पुढच्याच पानावर टॉमकॅट विचारतो, आपण कोण? पुन्हा प्रवेशाचे पान. पुन्हा तेच. परवलीचा शब्द बरोबर असूनही आत जाता येत नाही अशी तक्रार आली की, मी आता शब्द तपासण्याआधी बिल्ल्यावरचा पत्ता तपासतो.

अपाचीच्या द्वारपालापाशी यावर उपाय आहेत. ‘प्रॉक्सी-पास’ विनंती आत नेते, ‘प्रॉक्सी-पास-रिव्हर्स’ परतीच्या मथळ्यांतला पत्ता उलटा बदलते, आणि ‘प्रॉक्सी-पास-रिव्हर्स-कुकी-पाथ’ बिल्ल्यावरचा पत्ता खोडून नवा लिहिते. पण यांतले कोणीही पानाच्या मजकुरात हात घालीत नाही. पानात ‘/वाचनालय’ ने सुरू होणारा दुवा छापला असेल तर तो तसाच बाहेर जातो. म्हणून माझा सल्ला साधा आहे: बाहेरचा पत्ता आणि आतला पत्ता एकच ठेवावा. बाहेर रिकामे नाव हवे असेल तर आतही रूट करावे. दोन पत्त्यांत भाषांतर करणारा मध्यस्थ कितीही निष्णात असला, तरी एखादा शब्द त्याच्या हातून निसटतोच, आणि तो नेमका सुट्टीच्या दिवशी निसटतो.

इतर सर्व्हरांचे रिवाज थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. वाइल्डफ्लायवर जेबॉस-वेब.एक्सएमएलमध्ये ‘कॉन्टेक्स्ट-रूट’ लिहिले की ते पाळले जाते. तेथे बाळाला आपल्या नावाविषयी विनंती करता येते म्हणावयाचे. अनेक वॉर फाइली पोटात घेणाऱ्या ईएआर या एकत्र कुटुंबात प्रत्येकाचे नाव कुटुंबाच्या ॲप्लिकेशन.एक्सएमएलमध्ये, कर्त्याच्या सहीने, नोंदले जाते. स्प्रिंग बूटने मात्र सारी मांडणीच उलटी केली: ॲप्लिकेशन सर्व्हरच्या घरी राहावयास न जाता टॉमकॅटलाच पोटात घेऊन हिंडते. मग नाव ठेवावे कोणी? एका सेटिंगने. तिचे नाव पूर्वी ‘सर्व्हर.कॉन्टेक्स्ट-पाथ’ असे होते. २०१८ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ते ‘सर्व्हर.सर्व्हलेट.कॉन्टेक्स्ट-पाथ’ झाले, आणि जुनी सेटिंग घेऊन नव्या आवृत्तीत गेलेली पुष्कळ ॲप्लिकेशने एका सकाळी निनावी होऊन रूटवर उभी राहिली. ही सेटिंग ॲप्लिकेशनच्या पोटातल्या फाइलीत लिहिता येते, तशीच यंत्राच्या वातावरणातील चलातूनही देता येते. मी दुसरी रीत पसंत करतो. बाळ आत्याला कडेवर घेऊन हिंडू लागले, तरी नाव बाहेरूनच यावे.

त्या ग्रंथालयाचे ॲप्लिकेशन दुरुस्त करण्यास दोन आठवडे लागले; ठोकून लिहिलेले दुवे तीनशेच्या घरात निघाले. जुन्या ‘/ग्रंथालय’ पत्त्यावर मी नंतर एक चिमुकले ॲप्लिकेशन बसविले, त्यात एकच सर्व्हलेट. आलेल्या प्रत्येकाला ३०१ हा कायमच्या स्थलांतराचा आकडा सांगून तो ‘/वाचनालय’ कडे वाट दाखवितो. वर्षभरात ते काढून टाकावे असा बेत होता. परंतु परतीच्या तारखांच्या ज्या चिठ्ठ्या पुस्तकांच्या शेवटच्या पानाला चिकटविलेल्या आहेत, त्यांवर जुनाच पत्ता छापलेला आहे, आणि बाईंनी त्या एकदम पाच हजार छापून घेतल्या होत्या. मागच्या आठवड्यात लॉग पाहिला. त्या दिवशी दुपारपर्यंत जुन्या पत्त्यावर एकोणीस जण येऊन गेले होते.